माझ्याबद्दल काय सांगितलं, ते मलाही कळू द्या

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



नोकरी सोडून गेलेल्या माणसाबद्दल जुनी कंपनी नव्या कंपनीला काय सांगते, त्याविषयी हे पत्र आहे. हे सांगणं फोनवर होतं, नाहीतर एखाद्या छापील फॉर्मवर. ज्याच्याविषयी सांगितलं जातं तो तिथे नसतो. त्याला ते दाखवत नाहीत, आणि चुकीचं असलं तरी खोडून काढायची संधी त्याला मिळत नाही. त्याच्या हाती येतो तो परिणाम, म्हणजे ऑफर रद्द झाल्याचा दोन ओळींचा मेल. मी पुण्यातल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत काम केलं आहे. अशी माहिती मागवणाऱ्या टेबलाशीही बसले आहे आणि देणाऱ्या टेबलाशीही. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर हे लिहीत नाही.

हा व्यवहार बाहेरून फारसा दिसत नाही, म्हणून आधी तो कसा चालतो ते सांगते. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या आयटी कंपन्यांत आणि आता चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांतही नवा माणूस घेताना ‘बीजीव्ही’ करतात, म्हणजे त्याच्या आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी. हे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं. एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल पाठवते. त्यात नाव, एम्प्लॉयी कोड, हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचा पगार एवढं विचारलेलं असतं. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. ही माहिती दप्तरात असते, ताडून बघता येते. पण त्याखाली आणखी काही रकाने असतात. नोकरी सोडण्याचं कारण काय? जाताना सगळी पूर्तता केली का? वर्तणुकीबद्दल किंवा सचोटीबद्दल काही तक्रार? आणि शेवटचा प्रश्न, या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का, हो की नाही?

या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची कारणं अनेक असतात. काही कंपन्यांचं धोरणच असतं की एकदा सोडून गेलेल्याला परत घ्यायचं नाही. काही ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं की ‘नाही’. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही तर ‘नाही’. आणि काही ठिकाणी साहेब दुखावला म्हणूनही ‘नाही’. फॉर्मवर मात्र या सगळ्यांसाठी एकच चौकोन आहे. एजन्सी तो चौकोन आपल्या अहवालात उतरवते आणि अहवालाला रंग देते. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे खोटं सापडलं, आणि मधला अंबर म्हणजे संशयाला जागा आहे. नव्या कंपनीतल्या ज्या माणसापुढे हा अहवाल जातो त्याच्याकडे तसेच आणखी पन्नास अहवाल पडलेले असतात. तो कारण शोधायला थांबत नाही. अंबर दिसला की दुसऱ्या उमेदवाराकडे वळणं त्याला सोपं आणि सुरक्षित वाटतं.

त्यात वेळेचा घोळ आहे, आणि मला यातली सगळ्यांत क्रूर बाब तीच वाटते. पडताळणी पुष्कळदा माणूस रुजू झाल्यानंतर पूर्ण होते. म्हणजे जुनी नोकरी सुटलेली, नवीन ठिकाणी प्रोबेशन चालू, आणि मग अहवाल येतो.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात असलेला एक मुलगा माझ्याकडे कागद घेऊन आला होता. त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता. नव्या कंपनीला तो ३० दिवसांत हवा होता. उरलेल्या दिवसांचा पगार भरून द्यायची तयारी त्याने मेलवर कळवली. मेलला उत्तर आलं नाही, मॅनेजर तोंडी ‘बघू’ म्हणाला. तिसाव्या दिवशी त्याने लॅपटॉप आणि आयकार्ड जमा केलं, पावती घेतली आणि तो गेला. दप्तरात त्याच्या नावापुढे ‘ॲब्स्कॉण्डिंग’ लागलं. सामान परत करून, पावती घेऊन, लेखी कळवून गेलेल्या माणसाची नोंद पळून गेलेला अशी झाली. नव्या ठिकाणी तिसऱ्या महिन्यात अहवाल आला आणि त्याला थांबवलं. कारण विचारलं तर ‘बीजीव्ही निगेटिव्ह आहे’ एवढंच उत्तर. नेमकं काय निगेटिव्ह, हे त्याला कळलं ते त्या एजन्सीत त्याच्या गावाकडचा एक जण निघाला म्हणून. तसा कुणी निघाला नसता तर तो आजही आपलं काय चुकलं याचा विचार करत बसला असता आणि पुढच्या मुलाखतीतही तीच ठेच खाल्ली असती.

फॉर्म तरी कागदावर असतो. फोनचं तेवढंही नाही. एकाच धंद्यातले लोक एकमेकांना ओळखतात. कुणीतरी आधीच्या ठिकाणी एकत्र काम केलेलं असतं. उमेदवाराने दिलेली नावं बाजूला ठेवून थेट जुन्या साहेबाला फोन जातो, ‘अहो, तो अमुक कसा होता?’ आणि पलीकडून येतं, ‘काम बरं आहे, पण जरा सांभाळून.’ त्या ‘सांभाळून’चा अर्थ ऐकणारा आपापल्या परीने लावतो. ज्या बाईने साहेबाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, तिच्याबाबतीत याच फोनवर ‘ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं जातं. २०१३ च्या कायद्याने तिला तक्रार करायला समिती दिली. तक्रारीनंतर तिच्या पुढच्या नोकरीच्या वाटेवर कोण बसलेलं आहे, याकडे मात्र कुणी पाहिलं नाही. कित्येक जणी तक्रार करत नाहीत त्याचं एक कारण हा फोन आहे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

हे फक्त लॅपटॉपवाल्यांचं दुखणं नाही. मोठ्या गृहसंकुलांतल्या ॲपवर घरकामाच्या बाईला रहिवासी तारे देतात. ती गेटमधून आत येते तेव्हा सुरक्षारक्षकाच्या फोनवर तिची नोंद होते आणि नव्या घरी काम मागायला जाते तेव्हा तिचे तारे तिच्याआधी पोचलेले असतात. पगारवाढ मागितली म्हणून कुणी दोन तारे दिले, तर ते तिला कळणार कसं आणि ती दाद कुणाकडे मागणार? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या स्त्रियांची नोंद सरकारने घ्यावी हे तेव्हा आपल्या राज्याला सुचलं होतं. त्यांच्याविषयी केली जाणारी नोंद त्यांना दिसावी, हेही सुचायला हवं.

महोदय, आपल्याच देशात एका वर्गाने हा हक्क मिळवलेला आहे, म्हणून मी आशेने लिहिते आहे. सरकारी नोकरांचा गोपनीय अहवाल आठवा. ‘साहेबाने सीआर खराब केला’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं आहे. सीमा रस्ते संघटनेतले एक कार्यकारी अभियंता, देव दत्त, यांना १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अति उत्तम’ लागत होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाही नव्हता, आणि त्यापायी बढती गेली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाईट असो, बरा असो की उत्तम, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. न कळवणं हे मनमानीचं आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद १४ चा त्याने भंग होतो, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच वर्षी केंद्राने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आदेश काढला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच दंडक पक्का केला. आज मंत्रालयातला लिपिक आपला अहवाल वाचू शकतो. अनुच्छेद १४ मात्र शासनाला बांधतो, खाजगी कंपनीला नाही. कंपनीतल्या माणसाला हा हक्क मिळायचा तर तो कायद्यानेच द्यावा लागेल, आणि त्यासाठीच मी न्यायालयाऐवजी आपल्याकडे आले आहे.

दुसरं उदाहरण बँकेचं. मी कर्जाचे हप्ते कसे फेडले हे बँका क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवतात. ती माहिती माझ्याविषयीची आहे, दुसऱ्याने दिलेली आहे आणि तिच्यावर माझं पुढचं कर्ज ठरतं. जुन्या मालकाच्या शब्दाचं अगदी असंच आहे. पण तिथे २००५ चा कायदा आहे. २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने मला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. त्यात चूक दिसली तर मी तक्रार करू शकते आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. मोटारसायकलच्या कर्जासाठी जी न्यायबुद्धी आपण दाखवली ती रोजीरोटीसाठी दाखवायला अडचण कोणती, हे मला कळत नाही.

‘बदनामीचा कायदा आहे ना?’ असं मला वकील मंडळी सांगतात. आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. त्याला अपवादही आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही, आणि तसा अपवाद असणं योग्यही आहे. शिवाय आपल्या कायद्यात सद्भावनेची अट अशी की ती गोष्ट योग्य काळजीने आणि लक्षपूर्वक केलेली असली पाहिजे. फाइल न उघडता ‘नाही’वर टिक करणं त्यात बसत नाही. पण हे सिद्ध करायला आधी काय सांगितलं गेलं ते हातात हवं. फोनवर बोललेलं हातात कसं येणार? आणि पुढची नोकरी शोधणारा माणूस कोर्टाच्या तारखा घेत बसला, तर तोच त्याच्याविरुद्ध नवा शेरा होतो.

इंग्लंडमध्ये ग्रॅहम स्प्रिंग नावाच्या विमा विक्रेत्याच्या खटल्यात हा पेच सुटला. जुन्या कंपनीने त्याच्याविषयी लिहून दिलं होतं की या माणसात सचोटी जवळजवळ नाही. त्याला कुणी घेईना. लिहिणाऱ्याच्या मनात आकस नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं, त्यामुळे बदनामीच्या दाव्यात काही निष्पन्न झालं नसतं. पण चौकशी नीट केलेली नव्हती. १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की शिफारस लिहिणाऱ्या मालकावर जुन्या नोकराच्या बाबतीतही काळजी घेण्याची जबाबदारी आहे, आणि हलगर्जीपणे लिहिलं तर भरपाई द्यावी लागेल. अमेरिकेत १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे. एजन्सीच्या अहवालावरून एखाद्याला नोकरी नाकारायची असेल, तर नाकारण्याआधी त्या अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. त्या देशातल्या कितीतरी कंपन्यांची मोठमोठी कार्यालयं आज पुण्यात आहेत. त्यांच्या मायदेशी त्यांना हे करावं लागतं. तेच इथे करायला सांगितलं तर त्यांना नवं काही शिकावं लागणार नाही.

जर्मनीचा अनुभव मात्र वेगळ्या कारणासाठी सांगते. तिथे सोडताना कामाचं प्रमाणपत्र मिळणं हा कायदेशीर हक्क आहे आणि ते खरं असावं तसंच माणसाच्या पुढच्या वाटचालीत अडथळा आणणारं नसावं, असा न्यायालयांचा दंडक आहे. त्यातून एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘आम्ही समाधानी होतो’ असं नुसतं लिहिलं तर वाचणारा समजतो की काम जेमतेम होतं. ‘सदैव’ आणि ‘पुरेपूर’ हे दोन्ही शब्द असले तर उत्तम. ‘त्याने प्रयत्न केले’ असं लिहिलं तर त्याला जमलं नाही. दुहेरी अर्थाची शब्दयोजना करू नये असं त्यांच्या कायद्यातच लिहिलेलं आहे, तरीही ही भाषा टिकून आहे. त्यामुळे कंपन्यांनी गोड लिहावं अशी सक्ती करा, असं मी मागत नाही.

मालकाची बाजूही मला पुरती ठाऊक आहे. बनावट एक्सपिरियन्स लेटर विकणारी दुकानं आहेत. न केलेली नोकरी दाखवून लोक आत येतात. त्यांच्यामुळे जो खरा काम करून आला आहे त्याची जागा जाते. पूर्वी पडताळणी म्हणजे एक पत्र पाठवणं होतं. हजारो माणसं दरवर्षी भरणाऱ्या आयटी कंपन्यांना ते पुरेना, म्हणून नॅसकॉम या त्यांच्या संघटनेने २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. ती गरज खोटी नव्हती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शाळेतल्या मुलांशी गैरवर्तन केलेला शिक्षक किंवा औषधांची चोरी केलेला कर्मचारी गुळगुळीत पत्र घेऊन दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या इस्पितळात गेला, तर त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो. तिथे खरं सांगणं हे कर्तव्य आहे. मी कुणाचंही तोंड बंद करायला सांगत नाही. चौकशी झाली, दोष सिद्ध झाला, कागद आहे, तर तो जरूर कळवावा. ज्याच्याविषयी कळवायचं त्यालाही तो कागद द्यावा आणि कळवणाऱ्याने खाली सही करावी.

आता कायदा आज कुठे उभा आहे ते पाहू. १९४६ च्या कायद्याखालच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांत, कायम कामगाराला सेवा सुटताना सेवा प्रमाणपत्राचा हक्क होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५६ नुसार कंत्राटी कामगाराने मागितलं तर ठेकेदाराने त्याला अनुभव प्रमाणपत्र द्यायचंच आहे. ही चांगली तरतूद आहे. पण औद्योगिक संबंध संहितेतली कामगाराची व्याख्या बघा. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात नाहीत, आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणारा सुपरवायझरही नाही. शिवाय स्थायी आदेश लागतात ते ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. म्हणजे भोसरीतल्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपमधला सुपरवायझर, कोथरूडच्या सीए फर्ममधली अकाउंटंट, बाणेरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतला टीम लीड यांच्यापैकी कुणालाही ‘मी इथे काम केलं’ एवढं लिहून मागण्याचा स्पष्ट हक्क या तरतुदींत नाही. रिलीव्हिंग लेटर मिळेल की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. बाँडचे पैसे भरा मग पत्र, अमुक मेलवर माफी मागा मग पत्र, हे रोज चालतं.

बाँडविषयी बोलायचं तर मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू मान्य केली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट त्या न्यायालयाला गैर वाटली नाही. मी तो निकाल मानते. पैसे येणं असेल तर मालकाने ते मागावेत, दावा लावावा. पण येणं वसूल होईपर्यंत माणसाने केलेल्या कामाचा पुरावा अडवून ठेवणं हे त्या निकालात कुठेही नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. हिशेब दोन दिवसांत होऊ शकत असेल, तर नाव, हुद्दा, कामाचं स्वरूप आणि दोन तारखा लिहिलेला कागदही त्याच दोन दिवसांत होऊ शकतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा आपल्या राज्याचा कायदा आहे. त्यात दुरुस्ती करून, पगार कितीही असो आणि हुद्दा कोणताही असो, सोडणाऱ्या प्रत्येकाला दोन दिवसांत सेवा प्रमाणपत्र द्यावं, आणि कोणत्याही येण्यापायी ते अडवू नये, असं लिहावं. दुसरं, जुन्या मालकाने नव्या मालकाला किंवा एजन्सीला कर्मचाऱ्याविषयी काही प्रतिकूल कळवलं तर ते लेखी असावं, देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा त्यावर असावा आणि त्याच दिवशी त्याची प्रत कर्मचाऱ्याला जावी. ‘पुन्हा घ्याल का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेल तर कारण लिहिणं बंधनकारक असावं. धोरण म्हणून नाही, की वर्तनामुळे नाही, हा फरक एका ओळीत सांगता येतो. तिसरं, प्रतिकूल अहवालावरून ऑफर रद्द करण्याआधी किंवा प्रोबेशन संपवण्याआधी नव्या मालकाने तो अहवाल माणसाला दाखवावा आणि उत्तराला पंधरा दिवस द्यावेत. वाद राहिलाच तर सहायक कामगार आयुक्तांकडे दाद मागता यावी. फोनवरचं बोलणं कायद्याने थांबत नाही हे मला समजतं. पण लेखी उत्तराची रीत पडली की नावानिशी जबाबदारी घेणारा एचआर विभाग आपल्या मॅनेजरांना स्वतःहून आवरतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

एक गोष्ट केंद्राकडे मांडावी लागेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि नागरिकांचे मुख्य हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. त्यात आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे खरा, पण तो मुख्यतः संमती घेऊन वापरलेल्या माहितीपुरता. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला मालकाला संमतीवाचूनही मोकळीक ठेवली आहे. ज्या ठिकाणी माणसाचं पोट अडतं नेमक्या तिथे हक्काची धार बोथट होते. राज्य सरकारने ही गोष्ट दिल्लीला लेखी कळवावी, अशी विनंती आहे.

मालकाची अडवणूक साध्या नियमाने संपू शकते, याचा दाखला भविष्य निर्वाह निधीने दिला आहे. जुना मालक पीएफच्या खात्यावर सोडल्याची तारीख टाकत नसे आणि माणसाचे पैसे अडकून राहत. वर्षानुवर्षं लोकांनी त्यासाठी हेलपाटे घातले. जानेवारी २०२० पासून ईपीएफओने शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख सभासदाला स्वतःच टाकायची मुभा दिली. एका छोट्या बदलाने मालकाच्या हातातली ती कळ काढून घेतली.

कायदा होईपर्यंत ज्यांच्यावर ही वेळ आली आहे ते हे खुलं पत्र वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. पीएफ पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी, फॉर्म १६ आणि आयकराच्या २६एएस मधली टीडीएसची नोंद हे तुम्ही तिथे काम केल्याचे पुरावे आहेत, आणि फॉर्म १६ सोडला तर ते देणं जुन्या मालकाच्या हातात नाही. नोकरी सोडण्याआधीच ते उतरवून ठेवा, अप्रायझलचे आणि कौतुकाचे मेल कंपनीचे नियम मोडत नसतील तर त्यांची नोंद ठेवा. राजीनामा, नोटीसविषयीचं बोलणं, सामान जमा केल्याची पावती, सगळं लेखी असू द्या. जुन्या ठिकाणी वितुष्ट आलं असेल तर नव्या कंपनीच्या एचआरला ते आधीच, थोडक्यात आणि जुन्या साहेबाला नावं न ठेवता सांगा. अंबर अहवालानंतर दिलेल्या स्पष्टीकरणापेक्षा आधी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो, हे मी दोन्ही टेबलांवर पाहिलं आहे. तुमच्या कामाबद्दल बोलू शकेल असा दुसरा वरिष्ठ, एखादा क्लायंट, ती कंपनी सोडून गेलेला तुमचा आधीचा मॅनेजर यांची नावं द्या. बीजीव्हीसाठी तुम्ही सही करून संमती दिलेली असते, त्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि अहवालाची प्रतही लेखी मागा. नाही दिली तरी मागितल्याचा कागद पुढे उपयोगी पडतो. जुन्या कंपनीला नोंद दुरुस्त करण्याविषयी मेल पाठवा, भाषा शांत ठेवा, पुरावे जोडा. चाकणच्या त्या मुलाने पावतीचा फोटो आणि उत्तर न मिळालेला मेल जोडून पाठवला, आणि पाचव्या आठवड्यात त्याची ‘ॲब्स्कॉण्डिंग’ची नोंद बदलून ‘राजीनामा’ झाली. गेलेली नोकरी परत आली नाही. पण पुढच्या पडताळणीत तो अडकला नाही. आणि कितीही अडचण असली तरी बनावट पत्राच्या वाटेला जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि एकदा लाल रंग लागला की तुमचं खरं बोलणंही कुणी ऐकून घेत नाही.

महोदय, सेवा प्रमाणपत्राचा आणि प्रतिकूल माहिती कळवण्याच्या फॉर्मचा एक-एक पानाचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. त्यात ‘पुन्हा घ्याल का’च्या चौकोनाशेजारी कारणासाठी ओळ सोडली आहे आणि तळाशी कर्मचाऱ्याने प्रत मिळाल्याची सही करायची जागा आहे. आपल्या विभागाने यावर हरकती आणि सूचना मागवाव्यात. पुण्याच्या कार्यालयात सुनावणी ठेवली, तर ज्यांची परवानगी आहे त्यांचे कागद घेऊन मी येईन. काही जण स्वतः येऊन बोलायलाही तयार आहेत, पण सध्याच्या मालकाला कळू नये एवढीच त्यांची अट आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
मनुष्यबळ विभागात काम केलेली एक नागरिक
पुणे